पोस्टरवरचा दुसरा आलेख

औषध मागायला दारात आलेल्या माणसाला ‘ते औषध नाहीच’ हे कसं सांगायचं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

मी औषधी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. आम्ही बनवलेल्या एका संयुगामुळे प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या. निरोगी पेशीही तितक्याच मेल्या. हे दाखवणारा दुसरा आलेख माझ्या मार्गदर्शक सरांनी स्पर्धेच्या पोस्टरवरून काढायला लावला. म्हणाले, “अगं, स्पर्धेत बक्षीस हवंय ना?”

त्या पोस्टरचा फोटो पप्पांनी चाकणच्या कंपनी बसमध्ये सगळ्यांना दाखवला. घरातली पहिली पदवीधर ना मी!

आज सकाळी त्यांच्या शिफ्टमधले एक काका थेरगावला आमच्या घरी आले. हातात त्यांच्या आईचे कॅन्सरचे रिपोर्ट. “ताई, थोडंच दे. आधी आपल्या माणसाला.”

पप्पा हसले. “देईल की राव, घरचीच पोरगी हाय!”

मी खरं ते सांगितलं. काका म्हणाले, “बरं बरं. मोठ्या लोकांसाठी असेल.” चहा तसाच ठेवून गेले. पप्पा तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

तुम्ही काय सांगितलं असतं?

दुपारी विभागात जाऊन दुसरा आलेख मी पोस्टरवर चिकटवला. सरांच्या समोर, भरपूर डिंक लावून.