रिकाम्या सीटचा वैरी

रिकामी सीट बघून ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो आमच्या कंपनीत क्वालिटीचा साहेब आहे. नाशिकच्या इंदिरानगरहून पार ओझरच्या बाजूला यायचं आणि एकट्या जिवासाठी आख्खी गाडी धूर ओकत आणायची, हे त्यांच्या मते पाप. चार माणसं झाल्याशिवाय त्यांची गाडी तिथल्या बोगद्यापासून हलायचीच नाही. मी तिथे रिक्षा शोधत उभा होतो. वर्ध्याहून नवीन आलेलो, शाळा आठवीत सुटलेली, बायकोपोरं तिकडेच. गळ्यातलं कंपनीचं कार्ड बघून साहेबांनी दार उघडलं. साहेबाच्या गाडीत पॅकिंगवाल्यानं बसायचं म्हणजे धास्तीच. मॅट मळू नये म्हणून मी पाय अधांतरी धरून बसलो.

"वर्धेकर, टेका पाय," ते म्हणाले. "उचलले म्हणून वजन कमी होत नाही."

गाडीत एसी बंद. द्वारकेच्या सिग्नलला इंजिनही बंद. हिरवा दिवा लागला की मागून हॉर्नचा गदारोळ, आणि हे निवांत चावी फिरवणार. आमच्याबरोबर येणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडम स्कार्फ आवळत म्हणायच्या, "सर, मागचा माणूस तुमच्या आईवडिलांची चौकशी करतोय." एकदा आमच्यातला स्टोअरवाला रजेवर होता, चौथं माणूस मिळेना. साहेबांनी दुधाला निघालेल्या एका आजोबांना "आडगाव नाक्याला चांगलं दूध मिळतं" म्हणून चक्क गाडीत घातलं. मॅडमनी विचारलं, "आता ते परत बसनं येणार. तो धूर कोणाच्या नावावर?" साहेबांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "बस काय, तशीही येणारच होती."

माझं बोलणं ऐकून तेही "काय करून राहिले, वर्धेकर?" म्हणायला लागले. पोरीचा अभ्यास, आईचे गुडघे, सगळं विचारायचे. संध्याकाळी खोलीवर मला भिंतींशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे दिवसभराचं माझं बोलणं त्या गाडीतच व्हायचं. साहेबांच्या घरीही कुलूपच असतं, वहिनी गेल्यापासून, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं.

पण त्यांना एका गाडीवर समाधान नव्हतं. सगळ्या कंपनीनं सुधारावं म्हणून ते मॅनेजमेंटच्या इतके मागे लागले, की शेवटी बस सुरू झाली. नारळ साहेबांनीच फोडला. स्वतःची गाडी कव्हर घालून ठेवली.

बसमध्ये कुठे कोणी बसायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं. तरी पहिल्याच दिवशी पुढे साहेब लोक बसले, मधे बायका, मागे आम्ही. साहेबांनी दोनतीनदा मान वळवून मला हात केला. मीही उठायचो, पण तेवढ्यात परचेसचे साहेब त्या जागेवर बसलेले असायचे, कानात इयरफोन घालून. आता बस गच्च भरते. एकही सीट रिकामी नसते. मला मागून साहेबांचं फक्त डोकं दिसतं.

परवा जेवणाच्या सुट्टीत ते डबा धुताना नळावर भेटले.

"पुष्कळ धूर वाचतोय हो, वर्धेकर."

"हो सर. तुमच्यामुळेच."

"घरी काय म्हणतात?"

"बरे आहेत सर."

आणखी काही विचारतील म्हणून मी नळ चालूच ठेवला. त्यांनी तो हळूच बंद केला, डबा झटकला आणि झाकण दोनदा लावून पाहिलं. पूर्वी गाडीत एवढा प्रश्न आम्हाला पार दहाव्या मैलापर्यंत पुरायचा.