आत वळवलेलं टोक

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेकांच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाची खोड आहे ती, राग मानू नका. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण ज्यांच्याशी हे बोलता यायचं ती माणसं आता घरात उरली नाहीत... आणि कोणाला न सांगता जाणं जिवावर येतं. माझ्याही समासात खुशाल प्रश्नचिन्ह काढा.

आमचं घर बेलापूरचं, प्रवरेकाठचं. वडील भिक्षुकी करायचे. ते गेल्यावर घरात आम्ही चौघं – आई, माझा थोरला भाऊ दादा, वहिनी आणि मी. दादाने पोथ्या फडक्यात बांधून ठेवल्या आणि जवळच्या शुगर फॅक्टरीत मोटारींच्या शेडमध्ये फिटर म्हणून लागला. भटाच्या पोराचे हात ग्रीसने काळे, म्हणून आईने बरेच दिवस अबोला धरला होता. त्यातून तो डावरा. लहानपणी आईने त्याच्या डाव्या हातावर इतके फटके दिले होते की जेवण, लिहिणं, संध्या सगळं तो निमूटपणे उजव्याने करायचा. पण हातात पक्कड आली की डावा हात आपोआप पुढे. तिथे मात्र आईचं काही चाललं नाही.

पगार सुरू झाल्यावर त्याने सायकल घेतली. काळी, उंच, दणकट. लढाईचे दिवस होते ते. बाजारात कसलाच सुटा भाग मिळत नसे, त्यामुळे सायकलीच्या चोरांची चंगळ होती. सायकल भिंतीला टेकवून मिरच्या घ्याव्यात, तेवढ्यात पंप गायब. मी शिकवायचो त्या शाळेच्या हेडमास्तरांची तर सीट गेली होती, आणि ते भले गृहस्थ धोतर सावरत घरापर्यंत उभ्याने पायडल मारत आले.

दादाने यावर स्वतःची युक्ती काढली. शेडमधल्या जळक्या डायनॅमोची तांब्याची तार आणायची आणि दिवा, पंप, घंटी सायकलीला आवळून टाकायची. तारेचा पीळ उलटा, डाव्या हाताचा. चोर आपल्या सवयीने सोडवायला गेला की तो आणखी घट्ट बसायचा. शेवटी तारेचं टोक तो पकडीने आत वळवून पिळाखाली दडवायचा. एकदा मी विचारलं, "एवढा वेळ त्या टोकापायी कशाला घालवतोस?"

"अरे, हाताला लागतं ते," दादा म्हणाला.

"चोराच्या?"

"त्याचाही हातच आहे ना."

घंटीची तार तर त्यानेच बांधावी. वाटीखालून अशी फिरवायचा की घंटी एरवीसारखी खणखणीत वाजे. मी बांधली की ती नुसती खोकायची. मी सायकल घेऊन कुठे गेलो आणि परत आलो की तो ओट्यावरूनच विचारी, "सगळं आलं का?" मी दिवा, पंप, घंटी दाखवायची आणि म्हणायचं, "आलं."

मग तो लढाईवर गेला. ब्रह्मदेशाकडे, लष्कराचे ट्रक दुरुस्त करायला. निघण्याआधी त्याने सायकलीच्या सगळ्या तारा स्वतः सोडल्या. "तुला हे जमायचं नाही. तू आपलं जाशील तिथे सगळं काढून पिशवीत घाल," म्हणाला. तारेची गुंडाळी त्याने आपल्या ट्रंकेत टाकली, तिकडे उपयोगी पडेल म्हणून. आईसमोर वहिनींशी बोलायची पद्धत नव्हती. उंबऱ्यातून बाहेर पडताना तो मलाच म्हणाला, "वस्तू सांभाळा रे," पण बघत होता स्वयंपाकघराच्या दाराकडे.

तेव्हापासून दिवा, पंप आणि घंटीची वाटी वहिनींच्या पेटीत राहू लागली. मी निघालो की त्या तिन्ही वस्तू आणून बसवत, परत आलो की दारात उभ्या राहून विचारत, "भाऊजी, सगळं आलं का?" दादाचाच प्रश्न, त्याच सुरात. मी पिशवी पुढे करायचो. घंटीची वाटी त्या पदराने पुसत. बाजारात ती काढून घेतलेली असल्याने कधी कळकट व्हायचं कारणच नव्हतं, तरी पुसत.

पुढे दादा बेपत्ता असल्याचं कळलं. लढाई संपली, वर्ष उलटून गेलं, तालुक्यातली बाकीची पोरं परतली. त्यांच्यातल्या एकाच्या हाती फक्त दादाचा पत्ता लागत नसल्याचा निरोप आला. शेवटी सरकारने बेपत्ताचं मृत करून टाकलं.

वहिनींचे वडील जामखेडहून आले. माणूस सज्जन होता. ओट्यावर बसून कितीतरी वेळ नुसतं पाणी पीत राहिले. मग आईला म्हणाले, "विहीणबाई, पोरीला असं अधांतरी किती दिवस ठेवायचं? ना धड सवाष्ण, ना धड... क्रिया उरकून घ्या. मी तिला घेऊन जातो."

आई म्हणाली, "त्याला पाणी तरी मिळू दे. तहानलेला हिंडत असेल माझा मुलगा."

मृत माणसाचं शरीर नसलं की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं आमच्यात आहे. शास्त्र त्याआधी बारा वर्षं वाट बघायला सांगतं. मी ते बोलून दाखवलं. पण सरकारनेच सांगितल्यावर शास्त्राचं कोण ऐकतं? अमावास्येला नदीवर विधी करायचं ठरलं. त्यानंतर वहिनींनी कुंकू पुसायचं. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्या आत भाकरी थापत होत्या, आणि थापण्याचा आवाज मध्येच थांबला एवढंच मला कळलं.

विधीचं सामान आणायला मला बेलापूर स्टेशनच्या पेठेत पाठवलं. आजचं श्रीरामपूर ते. बाजारचा दिवस, टळटळीत दुपार. वहिनींनी नेहमीसारखा दिवा बसवला, पंप बसवला, घंटीची वाटी फिरवून घट्ट केली. मी कशासाठी चाललोय हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पेठेत एका दुकानाच्या भिंतीला मी सायकल टेकवली. शेजारी वांगी विकणारी एक बाई गोणपाट पसरून बसली होती, आमच्या ओळखीची, दर बाजारी तिथेच असायची. सवयीने घंटीच्या वाटीला हात घातला आणि थांबलो. पिशवी एकच होती. त्यात तीळ, दर्भ, पांढरं कापड यायचं होतं. दादाचा दिवा त्या सामानात घालायचा... माझ्याने होईना. खरं सांगायचं तर रागही आला. ज्याचं सामान तोच परत येत नाही, तर मी कोणासाठी राखत बसू? जाऊ दे चोरीला, म्हटलं. सगळं तसंच ठेवून दुकानात शिरलो.

दुकानात गर्दी होती, वेळ लागला. बाहेर आलो तर सायकल जागेवर. दिवा होता. पंप होता. घंटी होती.

आणि तिन्हींवर तार होती.

नवी, लालसर, तांब्याची. मी खाली बसलो. पीळ डावीकडचा. टोक शोधायला बोट फिरवलं तर सापडेना – आत वळवून पिळाखाली दडवलेलं. मग भीत भीत घंटी वाजवली. ती खणखणीत वाजली.

वांगीवाल्या बाईला विचारलं, "मावशी, इथे कोण आलं होतं?"

"कोन न्हाई बा. म्या हितंच हाय सकाळधरनं."

"मग हे कोणी बांधलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आवो मास्तर, तुमीच की! मगाशी न्हाई का बसला हुता सायकलीपाशी? म्या हाक बी मारली, वांगी न्हेता का म्हनून. तुमी वळून बगितलं न्हाई."

"मी दुकानात होतो."

"आसं कसं? पाठमोरे बसला हुता. ह्योच सदरा... आता त्वांड काय मला दिसलं न्हाई."

दादा आणि मी पाठमोरे सारखे दिसायचो. आईसुद्धा फसायची.

"कुठल्या हाताने बांधत होता तो?"

"हाताकडं कोन बगतं, मास्तर? माझ्याम्होरं गिऱ्हाइक हुतं."

मी पिशवी तिथेच टाकून धावलो. बाजारात उभा राहून जिवाच्या आकांताने "दादा" म्हणून ओरडलो, तर अर्ध्या बाजाराने मान वळवली. प्रत्येक जण कोणाचा तरी दादा असतो. स्टेशनात गेलो. मनमाडची गाडी फलाटावर उभी होती. डब्याडब्यात डोकावलो, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. गाडी सुटली तेव्हा मी फलाटावर लहान पोरासारखा रडत होतो. मला भूत नको होतं की चमत्कार. मला माझा भाऊ हवा होता.

पिशवी त्या बाईने सांभाळून ठेवली होती. घरच्या वाटेला लागलो.

आमच्या आळीच्या तोंडाशी गाय आडवी होती म्हणून घंटी वाजवली. दादा गेल्यापासून परतीच्या वाटेवर घंटी पिशवीतच असायची, घरी येणाऱ्या सायकलीची घंटी आळीत वाजलीच नव्हती. वहिनी बाहेर आल्या. चालत नव्हे, धावत... डोक्यावरचा पदर सुटलेला. सायकलीवर मी आहे हे पाहून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या दोन डोळ्यांत जे आलं आणि गेलं, ते मला आजवर विसरता आलेलं नाही.

मी सायकल त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दिवा पाहिला, पंप पाहिला. मग तारेवरून बोट फिरवत नेलं आणि पिळाखाली टोकाशी थांबवलं.

"आत वळवलंय," त्या हळूच म्हणाल्या.

गडबड ऐकून आई आली, मागोमाग जामखेडचे व्याही. मी घडलं तसं सांगितलं. व्याही म्हणाले, "फॅक्टरीतल्या कोणीतरी थट्टा केली असेल." मलाही तेच बरं वाटलं असतं. आई मात्र वाकून ती तार निरखत होती. पीळ कुठल्या बाजूचा आहे ते तिला सांगावं लागलं नाही. त्या हाताची सवय तिने त्याच्या लहानपणी फटके देऊन देऊन मोडायला पाहिली होती. ती तारेवरून हात फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि म्हणाली, "डाव्याचं काम आहे हे. माझ्या मुलाचं."

मग ती उठली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि व्याह्यांना म्हणाली, "आमच्याकडे विधी नाही. सून माझी आहे, ती इथे राहील. तिने कुंकू लावायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं रडणं ऐकलं.

पुढे मी जमेल तेवढी चौकशी केली. फॅक्टरीच्या शेडमधल्या एकूण एक माणसाकडून तार बांधून घेतली. सगळे उजवे. दादाची विद्या दुसऱ्या कोणी उचलली नव्हती. तो जिवंत परतला असेल, तर पेठेपर्यंत येऊन घरी का आला नाही? मृत असेल, तर तार कुठून आणली? तो कशाने तरी वेडापिसा झाला असेल का, काही विसरला असेल का – डॉक्टरांनाही विचारून झालं. दादा आला नाही. कधीच आला नाही.

त्या तारा आम्ही सोडल्या नाहीत. वाटेत चाकातली हवा गेली, तर पंप समोर बांधलेला असूनही मी सायकल ढकलत आणायचो. लोक हसायचे, हसोत. वस्तू काढून पिशवीत घालायची गरज उरली नव्हती, आता तर त्या निघतच नव्हत्या, तरी घरी आलो की वहिनी दारात येऊन विचारायच्या, "भाऊजी, सगळं आलं का?"

"आलं, वहिनी," मी म्हणायचो. त्या माझ्या खांद्यावरून आळीच्या तोंडापर्यंत एकदा नजर टाकायच्या आणि आत वळायच्या. आई गेली तरी हे चालू होतं. माझं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले, तरी चालू होतं.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या, कपाळावर कुंकू घेऊन. मी नदीवरून परतलो. ओट्याशी सायकल उभी होती. तारा केव्हाच्या काळ्या पडल्या आहेत, टोकं अजून आत आहेत. मी पायरीवर थांबलो, नेहमीसारखा... कोणीतरी विचारील म्हणून. घर गप्प होतं. मग मीच एकदा घंटी वाजवली आणि आळीच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.