स्लॅबचं जेवण

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि जिकडेतिकडे सरकारी कार्यालयांच्या इमारती मंजूर होत होत्या. चिचगडच्या बाजूला, वस्तीपासून लांब जंगलाच्या कडेला, अशाच एका इमारतीचं काम निघालं. तिथलं पोलीस ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं.

एका सकाळी ठाण्यात आलो तर लॉकअपमध्ये एक म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. तो त्या बांधकामावरचा चौकीदार. कामावरच्या अभियंत्याने फिर्याद दिली होती. स्लॅब टाकला, पण तडे गेले म्हणून पाडावा लागला, आणि त्यातून निघालेलं लोखंड चौकीदाराने भंगारात विकलं. साक्षीदार कोण, तर खुद्द कंत्राटदार.

"लोखंड कुठे विकलं, बाबा?" मी विचारलं.

"कोन्तं लोखंड, साहेब? स्लॅब टाकलाच नाही. टाकला असता तं मी जेवलो नसतो का?"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. आमच्या भागात स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवू घालायचा रिवाज आहे. कितीही चिकट कंत्राटदार असो, तो हे जेवण चुकवत नाही, आणि चौकीदाराला तर आग्रहाने वाढतात.

चौकशी केली तेव्हा कळलं की स्लॅबचं बिल केव्हाच निघालंय आणि आता वरून तपासणी येतेय. मजूर छत्तीसगडला परत गेलेले. गावात साहेबाविरुद्ध तोंड उघडायला कोणी तयार नाही. मी अभियंत्याला आणि कंत्राटदाराला बोलावून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. सिमेंट, लोखंड, मजूर, दोघांचं पाठांतर चोख होतं. मग सहज विचारलं, स्लॅबच्या दिवशी जेवायला काय होतं?

कंत्राटदार म्हणाला, "मटन खिलाया साहब, सबको. बकरा काटा था."

अभियंता म्हणाला, "पुरी आणि बुंदी. श्रावण होता ना, मी स्वतः वाढलं."

त्याला कंत्राटदाराचा जबाब वाचून दाखवला, तसं त्याने पाणी मागितलं. दुपारी दुसऱ्या खात्याचा अभियंता आणि पंच घेऊन जागेवर गेलो. भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा कण नव्हता, गवत उगवलं होतं. संध्याकाळी दोघांनीही कबूल केलं.

संताप चोरीचा तर आलाच, पण जास्त आला तो त्यांच्या निवडीचा. पैसा खाल्ला साहेबांनी आणि लॉकअपमध्ये बसवला कोणाला, तर ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही त्याला. तेव्हापासून फिर्यादी गाडीतून उतरला की मी आधी त्यालाच समोर बसवून विचारायचो.

अभियंता निलंबित झाला आणि पुढे दुसरीकडे रुजूही झाला. इमारतीला पुन्हा पैसा मंजूर झाला. म्हाताऱ्याला मात्र गाव लोखंडचोर म्हणतच राहिलं.

नव्या कंत्राटदाराने खराखुरा स्लॅब टाकला, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. मजुरांसोबत गावाचीही पंगत बसली होती आणि म्हातारा फाटकाबाहेर उभा होता. मी त्याला हात धरून आत आणलं, वर्दीतच त्याच्या शेजारी मांडी घातली आणि सगळ्या गावासमोर पहिलं ताट त्याच्यासमोर वाढायला लावलं. तो पोटभर जेवला. हात धुऊन माझ्याकडे वळला.

"साहेब, आज मी जेवलो म्हून तुमच्या कागदात लिवून ठेवा. उद्या हा स्लॅब कोनी खाल्ला तं पुन्हा मलेच धराल."