पायाळूचा फाटलेला पाय

“ग्रेड टू टेअर,” साकोलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून सांगितलं. म्हणजे पोटरीचा स्नायू अर्धा फाटला. सहा आठवडे पायावर भार नाही. “आणि गुरुजी, चोळायचं तर अजिबात नाही. आत रक्त साचलंय.”

धानाच्या बांधीतल्या चिखलात रुतलेला पाय ओढताना मागून कोणी दगड मारल्यासारखं झालं होतं. वळून पाहिलं, तर मागे फक्त एक बगळा.

आमच्या सानगडीत या बातमीची गंमत झाली, कारण मी पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेची चमक जाते, असं इकडे मानतात. शाळेत अंधश्रद्धेवर भाषण देऊन घरी यावं, तर ओसरीवर दोन-तीन कंबरा वाट पाहत असायच्या. नाही म्हटलं की माणसं रुसतात. मी पाय लावायचो.

चौथ्या दिवशी शेजारच्या कौसल्याबाई कोमट तेल घेऊन आल्या. बायको रोवणीवर गेली होती.

“तुमच्या पायानं माही कंबर सुधरली. आता मले तुमचा पाय पाहू द्या.”

“डॉक्टर नको म्हणाले.”

“डाक्टर का पायाळू आहे?”

उठून पळता येत नव्हतं. त्या पोटरी चोळू लागल्या आणि खरं म्हणजे बरंही वाटत होतं, म्हणून चोळू दिलं. तुम्ही देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय घोट्यापर्यंत निळा आणि टणक. पुन्हा साकोली. डॉप्लर केली, म्हणजे शिरेत रक्ताची गाठ आहे का ते पाहणारी तपासणी. रिपोर्टसाठी तासभर बाकावर बसलो. ‘शांतता राखा’ या पाटीखालच्या टीव्हीवर कुणाचा तरी सत्कार चालला होता. अशी गाठ फुप्फुसात गेली तर माणूस जातो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचन अशा वेळी फार छळतं.

गाठ नव्हती. सहाचे नऊ आठवडे मात्र झाले. संडासापर्यंतही बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन. फिजिओथेरपीत तळव्यानं उशी दाबायला सांगितली होती. पाय ऐकतच नव्हता. हा आता असाच राहणार, असं मी मनात ठरवून टाकलं.

सातव्या आठवड्यात कौसल्याबाई दारात दिसल्या, निंदणानं वाकलेल्या. त्या तेलानंतर अंगणातही फिरकल्या नव्हत्या.

“गुरुजी, मांगायले तोंड नाही. पण उभं राहता येऊन नाही राहिलं.”

“बाई, माझाच पाय उचलवत नाही.”

“तुमी कायले उचलता? पडून राहा.”

त्या खाटेच्या पायथ्याशी पाठ करून बसल्या आणि मागे सरकत त्यांनी कंबर माझ्या तळव्याला टेकवली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी दाबून पाहिलं. पोटरीत कळ गेली, पण पाय दाबला गेला.

“हां,” त्या म्हणाल्या, “लागला.”