काकूला न सुटलेलं उदाहरण

औंढा नागनाथात माझ्या काकूइतका त्रिकोणमितीवर जीव टाकणारं दुसरं कोणी झालं नाही, आणि होईल असं वाटतही नाही. बारावी सायन्सची परीक्षा देऊन ती काकांशी लग्न करून आली आणि देवळाजवळच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात बसली; पण मन साईन-कॉसमध्येच राहिलं. लांबलचक काही तिला बघवत नसे. एखाद्या भाविकानं कापूर, उदबत्ती, धूप मागितला की तंद्रीतूनच म्हणे, "तिन्हीचं काम एकच की हो. दोन छेदून टाका." गिऱ्हाईक दोन वस्तू कमी घेऊन जाई आणि काका कपाळाला हात लावत. हळद बांधायच्या कागदांवर तिची गणितं असत. पाच ओळींचं लेंढार दीड ओळीवर आलं की ती देवळाच्या कळसाकडं बघत बसे. समोर कोण उभं आहे याचा पत्ताच नसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दहावीला होते. नित्यसमानता काही केल्या मला जमत नव्हत्या. एक उदाहरण वहीत उतरवून मी तिच्याकडं नेलं. डावी बाजू सोपी करत उजवीइतकी दाखवायची होती. काकू खुलली. पण दिवस मावळला तरी ते सुटेना. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

"कोनाची किंमत टाकून बघू का, बराबर येतं का ते?" मी विचारलं.

"न्हाई. घरी आलेल्या पाहुण्याची पिशवी तपासतो का आपण?"

चौथ्या दिवशी दुपारी तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. "न्हाई येत गं मला आता. लई वर्षं झाली. विसरले." आणि हळदीच्या पुड्या बांधायला लागली, कोऱ्या कागदात.

घरी जाऊन पुस्तक उघडलं आणि उदाहरण ताडून बघितलं. सेक वर्ग वजा टॅन वर्ग होतं. मी अधिक लिहिलं होतं. तशीच पळत परत गेले.

"काकू, चूक माझी हाय. तिथं वजा होतं."

तिनं पेन्सिल उचलली. सेक वर्ग वजा टॅन वर्ग म्हणजे एक. त्या एकानं सगळं भराभर विरघळत गेलं. तीन ओळींत दोन्ही बाजू सारख्या. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी.

"रागावली न्हाईस?"

"काहून रागावू?" तिचे डोळे भरून आले होते. ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजे मला येतंय अजून."

काका "गिऱ्हाईक आलंय, गिऱ्हाईक आलंय" म्हणून आतून हाका मारत राहिले. मी तिच्याशेजारी टेकले आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. पुढं मी शिकायला बाहेर पडले, गणितही मागं पडलं. पण इतक्या हळू आवाजात इतकं सुखावून बोललेलं दुसरं माणूस मला आठवत नाही.