दोन माणसं आणि एक हात

आना तोंडाने कधी ‘हो’ म्हणत नसत. भुवया किंचित वर करत, झालं. ‘नाही’ म्हणायचं असेल तर नाक आक्रसत. अलास्काच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या ज्या लहानशा गावात मी गणित शिकवायला गेले होते, तिथे सगळेच असं बोलत. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी लूसी नावाच्या चौथीतल्या मुलीला विचारलं, “समजलं का?” ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मागच्या बाकावरून आना शांतपणे म्हणाल्या, “टीचर, तिने तीनदा हो म्हटलंय. ऐकू येत नसेल तर बघ.”

आना म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. खरं नाव वेगळं होतं, पण इनुइट लोकांच्या त्या गावात शेंबड्या पोरापासून विमानाच्या पायलटपर्यंत सगळे त्यांना आनाच म्हणत. सत्तरीच्या, बुटक्या, फुलाफुलांच्या कापडाचा सैल झगा जीन्सवर घालणाऱ्या. शाळेत त्या टीचर्स एड होत्या, म्हणजे शिक्षकांच्या मदतनीस. माझ्या आधी किती शिक्षक आले नि गेले, हे त्या सांगत नसत. एकदा मीच खोदून विचारलं तर म्हणाल्या, “येतात. थंडीबद्दल बोलतात. मग जातात.”

मी अकोल्याजवळच्या एका खेड्यातली. नागपूरला एम.एस्सी., बी.एड. केलं आणि एका एजन्सीमार्फत वर्क व्हिसावर थेट इथे येऊन पडले. अशा गावांना शिक्षक मिळत नाहीत, म्हणून आम्हाला बोलावतात. नवरा ह्यूस्टनला, एनर्जी कंपनीत. इथे दोन वर्षं चांगली काढायची, चांगलं शिफारसपत्र घ्यायचं आणि टेक्सासमध्ये नोकरी धरायची, असं आमचं ठरलेलं होतं. त्यामुळे प्रिन्सिपलचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही.

आनांनी मला ताब्यात घेतलं ते माझ्या बुटांवरून. मॉलमधून घेतलेले ते बूट त्यांनी उलटेपालटे करून पाहिले नि म्हणाल्या, “हे दुकानात बरे दिसत असतील.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचे जुने बूट माझ्या टेबलाखाली होते. रोज शाळा सुटली की त्या माझ्या जॅकेटचं हूड स्वतः ओढून बांधायच्या, लहान मुलाचं कानटोपरं बांधतात तसं. एकदा मी फोनवर हवामान बघून म्हटलं, “आज वादळ नाहीये.” त्या म्हणाल्या, “फोनला म्हणावं, बाहेर जाऊन बघ.” दुपारनंतर समोरचं घर दिसेनासं झालं. आना मला हाताला धरून घरी सोडायला आल्या आणि वाटेत त्या विषयावर अवाक्षर बोलल्या नाहीत.

आता मोजण्याबद्दल. आनांची भाषा विसाने मोजते. हाताची पाच बोटं म्हणजे एक हात. दोन हात, दोन पाय धरून सगळी बोटं मोजून झाली, की वीस. आणि विसाला शब्द आहे ‘इनुइन्याक’, म्हणजे एक अख्खा माणूस. चाळीस म्हणजे दोन माणसं. पंचेचाळीस म्हणजे दोन माणसं आणि एक हात. मागच्या बाकावर अडलेल्या मुलांना घेऊन आना हेच करायच्या. एकेका बोटाला हात लावत मोजायच्या, आणि फळ्यापाशी जे पोर दगडासारखं उभं राही ते तिथे खुदकन हसून उत्तर देई.

एका दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “टीचर, तुमच्या गावाकडे कसं मोजतात?”

माझी आई शाळेत गेलेली नाही. ती गोवऱ्या थापायची, आठवडी बाजारात लिंबं विकायची, आणि मोजायची विसाने. दोन विसा न पाच. तीन विसा न सात. कॉलेजात असताना पुण्याची एक मैत्रीण माझ्याबरोबर घरी आली होती. आई अंगणात गोवऱ्या मोजत होती. मैत्रीण हसली, वाईट मनाने नाही, पण हसली. ती आत गेल्यावर मी आईवर खेकसले, “पंचेचाळीस म्हण ना! चारचौघांत माझी लाज काढू नकोस.” आई त्यानंतर माझ्यासमोर मोठ्याने मोजत नाही.

हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि मी आनांना म्हटलं, “आमच्याकडे दहा-दहानेच मोजतात. सगळं जग मोजतं तसंच.”

आनांनी भुवया वर केल्या आणि खडूची धूळ पुसायला लागल्या.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये परीक्षेचे निकाल आले. माझ्या वर्गाचे बरे नव्हते. प्रिन्सिपल मिनेसोटाकडचे, सज्जन, पण वरून दडपण असलेले. ते म्हणाले, “प्रत्येक एडबद्दल दोन परिच्छेद लिहून द्या. काय मदत होते, काय अडचण येते.” मी संगणकासमोर बसले. निकालाचं कारण मी आहे असं लिहिणं मला परवडणारं नव्हतं. मी लिहिलं, की आना प्रेमळ आहेत, मुलांना आवडतात; परंतु त्या वर्गात इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत, जुन्या पद्धतीने मोजून दाखवतात, त्यामुळे मुलांचा दशमान पद्धतीबाबत गोंधळ होतो. ‘गोंधळ’ या शब्दाशी मी थांबले होते. लूसीचा पेपर माझ्या खणात होता. त्यातली सगळी बरोबर उत्तरं तिने बाजूला चित्रं काढून सोडवलेली होती. माणसं आणि हात. ते मला माहीत होतं. मी शब्द बदलला नाही.

दोन आठवड्यांनी प्रिन्सिपलनी आनांना बोलावून ते वाचून दाखवलं आणि पुढच्या वर्षी तुम्हाला शाळेच्या किचनमध्ये घेऊ, असं सुचवलं. आना तिथून सरळ माझ्या वर्गात आल्या. मी उभी राहिले. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“तू लिहिलंस ते खरं आहे,” त्या म्हणाल्या. “मी तशीच मोजते. मी सात वर्षांची असताना मला दूरच्या शाळेत नेलं होतं. तिथे मी असंच मोजलं, तर बाईंनी बोटांवर पट्टी मारली. प्रत्येक बोटावर एक. त्यामुळे मला ते चांगलं पाठ झालं.” मग मागच्या बाकावरची आपली उशी उचलून त्या निघाल्या. किचनची नोकरी त्यांनी घेतली नाही.

गावात मला कुणी काही बोललं नाही. दुकानात लोक तसेच हसत. फक्त वर्ग मुका झाला. “समजलं का?” विचारलं की मुलं आता तोंडाने “येस” म्हणू लागली, सगळी एका सुरात. मी तेच मागितलं होतं.

एप्रिलच्या शेवटी गावाला देवमासा मिळाला. वर्षभर ज्याची वाट बघतात तो दिवस. शाळा आपोआप सुटते आणि सगळं गाव बर्फावर जातं. ज्या नावेने तो धरला तिचा कप्तान आनांचा भाऊ होता. मी जाणार नव्हते, पण लूसीची आई दारात येऊन म्हणाली, “टीचर, चल ना.” तिथे दोराने तो अवाढव्य मासा वर ओढायला सगळे लागले होते, मीही लागले. नंतर वाटा घ्यायला लोक ओळीत उभे राहिले. जो येईल त्याला वाटा असतो, गावचा असो की परका. आना ओळीतून चालत प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत होत्या, मोठ्याने, आपल्या भाषेत. मी मान खाली घालून उभी. माझ्या खांद्यावर हात पडला आणि त्या म्हणाल्या, “इनुइन्याक.” मी विसावी होते. त्या माझ्याकडे न बघता पुढे गेल्या. मला इतरांइतकाच वाटा मिळाला. तो घेऊन घरी येईपर्यंत मी रडत होते, आणि पापण्यांवर बर्फ धरत होता.

मे संपता संपता, जायच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या घरी गेले. तिकडे तेव्हा सूर्य मावळतच नाही. आना जमिनीवर पुठ्ठा अंथरून, अर्धचंद्रासारख्या पात्याच्या सुरीने मांस कापत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला जागा केली.

मी म्हटलं, “आना, सॉरी. ते तुम्हाला वर्गातून काढतील असं मला वाटलं नव्हतं.”

त्यांनी नाक आक्रसलं. एवढंच. मी म्हटलं ते खोटं होतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मग मी खरं बोलले. “माझी आई विसाने मोजते. तुमच्यासारखीच. दोन विसा न पाच. मला त्याची लाज वाटायची, म्हणून मी तुम्हाला तेव्हा खोटं सांगितलं.”

सुरी थांबली. मग त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं, मराठीत. “दोन विसा न पाच,” मी म्हटलं. त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

“मला आयुष्यभर वाटायचं, की असं मोजणारे आम्हीच,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “मुलांना सांगता आलं असतं. की तिकडे लांब, गरम देशातसुद्धा एक बाई आहे. तू तेव्हाच सांगितलं असतंस तर मी मुलांना सांगितलं असतं.”

त्या पुन्हा कापायला लागल्या. मी उठले तेव्हा त्यांनी सवयीने माझं हूड बांधायला हात वर केले, पण बोटं मांसाने माखलेली होती. म्हणून तसेच खाली घेतले.

आता मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये असते. इथल्या शाळेत गणित शिकवते, चांगली शिक्षक म्हणून माझं नाव आहे. गेल्या हिवाळ्यात लूसीच्या आईचा फोनवर मेसेज आला, की आना गेल्या; पाय दुखतात म्हणून दोन दिवस झोपून होत्या, तिसऱ्या दिवशी उठल्याच नाहीत. मी पार्किंगमध्ये गाडी थांबवून तो वाचला. काय लिहावं कळेना. शेवटी नको ते विचारलं: आना कधी माझ्याबद्दल काही वाईट बोलायच्या का?

उत्तर लगेच आलं. “नाही गं. आना तुझ्याबद्दल कधीच वाईट बोलल्या नाहीत.” आणि थोड्या वेळाने, बहुधा मला धीर द्यायलाच, तिने आणखी एक ओळ पाठवली: “त्या तुझ्याबद्दल कधी काहीच बोलल्या नाहीत.”