धाकट्याची माती

"शेठ, पहले क्या देखना है? क़िला, कश्ती का कारख़ाना, या रेत?" वाटाड्यानं गाडीत बसल्या बसल्या विचारलं. मी म्हणालो, कब्रस्तान. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

मी चौसाळ्यातला भांड्यांचा दुकानदार. हौसेनं फिरायला म्हणून हैदराबादच्या पुढं कधी गेलो नाही, जायची हौसही नव्हती. ओमानला गेलो कारण माझा धाकटा भाऊ तिथं वारला. एका कंपनीत विजेचं काम करायचा. कोरोनात गेला, विमानं बंद असताना. त्याच्या खोलीत राहणाऱ्या नगरकडच्या माणसाचा मला फोन आला तेव्हा मी अर्धं शटर खाली ओढून दुकानात बसलो होतो. "दादा, प्रेत काही तिकडं येत नाही. इथंच उरकावं लागंल. कसं करू, तुम्ही सांगा." मी म्हणालो, "माती तिथंच करा. नीट करा." तो रडत म्हणाला, "करतो दादा, काळजी सोडा." एवढंच बोलणं. पुढं तो दुसऱ्या देशात गेला आणि त्याचा फोन लागेना.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. खड्डा घेतात, माणसाला मांडी घालून बसवतात, हातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, भोवती मीठ आणि विभूती भरतात, मग माती लोटतात. आमची आई तेव्हापासून एकच विचारायची. "त्याला नीट बसवला असंल का रे? पाठीला टेकू दिला असंल का? हातात लिंग दिलं असंल ना?" मी दर वेळी म्हणायचो, "दिलं आई, सगळं दिलं. मी सांगितलंतं." पुढं पुढं तिनं धोसराच धरला, मी डोळे मिटायच्या आत तिथली मूठभर माती आणून दे. पाच वर्षं मी टाळलं. शेवटी माझ्या मुलीनं मोबाईलवर विमान, व्हिसा आणि हा खासगी वाटाड्या ठरवून दिला.

वाटाड्या तिथलाच, पांढरा पायघोळ अंगरखा, डोक्याला नक्षीची टोपी. त्याची आई बलुची, म्हणून उर्दू चांगलं. माझं आपलं बीडकडचं. "हिंदू का क़ब्रिस्तान? शेठ, हिंदू तो जलाते हैं ना?" मी म्हणालो, "हमारे में नक्को जलाते. हमारे में बिठाते." 'नक्को' ऐकून तो खो खो हसला, पण 'बिठाते' कळल्यावर त्यानं हसणं आवरलं. म्हणाला, आज चौकशी करतो, उद्या जाऊ. तोवर पैसे घेतलेत तर फिरवतो.

दिवसभर त्यानं फिरवलं. एका हाताला वाळू, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधे कुत्रं बी न्हाई. वाळूचे ढीग थेट पाण्यात उतरलेले. एवढं पाणी आणि शेळीच्या कामाचं नाही, याचा मला संतापच आला. तिथल्या शेळ्या वाळवलेली मासळी खातात, हे त्यानं मोठ्या कौतुकानं दाखवलं. लाकडी गलबतं बांधतात तिथं नेलं, एका जागी म्हणे रात्री कासवं अंडी घालायला येतात ते दाखवलं. मी सगळीकडं मान हलवली. डोळे मात्र जमिनीवरच होते. कुठं उंचवटा दिसला की वाटायचं, हाच असंल. धाकटा आमचा पाच फूट चार इंच, बसला की त्याला किती खड्डा लागेल, हे मी मनात मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्यानं रेडिओ लावला नाही. गावाबाहेर समुद्राच्या अंगाला एका भिंतीच्या आवारापाशी गाडी थांबवली. आत पत्र्याची शेड, सिमेंटचे दोन ओटे, कडेला रचलेली लाकडं. मी म्हणालो, हे न्हाई. तो म्हणाला, "शेठ, यही है."

तिथली व्यवस्था बघणारे एक म्हातारे गुजराती गृहस्थ होते, त्यांच्या तीन पिढ्या तिकडंच गेलेल्या. त्या दिवसांतले सगळे त्यांच्या ध्यानात होते, कारण म्हणे प्रेताबरोबर दोन-तीनच माणसं यायची. "आपके भाई के साथ एक मराठी भाई आया था। बहुत रोया। बोला, घर से बड़े भाई ने बोला है, माती करो, नीट करो। मैंने पूछा, माती मतलब? बोला, माती मतलब अंतिम संस्कार। इसलिए घी भी डाला, चंदन का टुकड़ा भी डाला। सब बराबर किया।" आणि राख? त्यांनी समुद्राकडं हात केला.

मी त्या ओट्याला धरून खाली बसलो. दोष कुणाला द्यायचा? त्या नगरच्या माणसाच्या घरात माती म्हणजे सरणच. आणि मला हे ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणू? चौसाळ्यात जन्मभर दुकान बंद करून मी लोकांच्या मातीला गेलोय, सरण पेटताना हात जोडून उभा राहिलोय, परत येऊन बायकोला "माती झाली, पाणी दे" म्हणालोय. तरी त्या दिवशी मला 'पुरा' एवढा एक शब्द सुचला नाही. कामाची माती केली म्हणतात, तशी मी माझ्या भावाची केली. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

वाटाड्यानं मला उठवून समुद्रावर नेलं. घरून आणलेला झाकणाचा नवा डबा माझ्या पिशवीत होता. मी काठावरची वाळू भरत असताना तो पाठ करून उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "यहाँ से सीधा सामने तुम्हारा मुल्क है, शेठ."

घरी आल्यावर आईनं डबा मांडीवर घेतला. तिला दिसत नव्हतं. चिमटीत वाळू घेऊन ती चोळत राहिली. "लई कोरडी हाय रे. ह्याच्यात खड्डा टिकतो का? ढासळत असंल."

"खालून वली हाय, आई. घट्ट हाय."

"आन् तोंड कुणीकडं हाय त्याचं?"

"समुद्राकडं," मी म्हणालो. "समुद्राच्या पलीकडं थेट आपण."

"म्हंजे आपल्याकडंच बघत बसलाय." तिनं डब्याचं झाकण लावलं. "मग मला बी तिकडं तोंड करून बसवा."

गेल्या महिन्यात आई गेली. सकाळपासून फोन, "माती किती वाजता हाय?" मी प्रत्येकाला सांगत होतो, "अकराला पुरायचंय. बसवून पुरायचंय." लोकांना वाटलं, दुःखानं याच्या डोक्यावर परिणाम झाला. खड्ड्याशी स्वामी म्हणाले, तोंड उत्तरेला करतात. मी म्हणालो, मावळतीला करा, तिनं सांगितलंय. स्वामींनी दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. मग मी स्वतः आत उतरलो, तिच्या पाठीला टेकू दिला, हातात लिंग ठेवलं, मांडीत तो वाळूचा डबा ठेवला आणि तिची मान मावळतीकडं वळवली. तिकडं कुणी बसलेलं नाही, हे तिथं जमलेल्यांत मला एकट्यालाच माहीत होतं.